एक प्रत दुसऱ्या घरी

बोईसर, १२ जून २०२५

नवशा तांडेलास,

आज सकाळी हिरावहिनी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन दारात आल्या आणि टोपली उतरवायच्या आधीच म्हणाल्या, "मास्तर, त्याला कायतरी लिवा. पावसाळ्याच्या बंदीनं बोटी किनाऱ्यावर वढल्यात, घरात बसून माजं डोकं खातोय." तेव्हा हे पत्र. फोन करण्यात अर्थ नाही. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तू कान समुद्राला देऊन टाकलेस, आणि मी ओरडलो की शेजारचे लोक भांडण झालं समजून गॅलरीत येतात.

मी मजेत आहे. प्लांटमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हात अजून स्वस्थ बसत नाहीत. तुला सांगितलं होतं ना, एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून एका ऑफिसचा टाकलेला कॉम्प्युटर आणला? तो आता स्वयंपाकघराच्या कपाटात, गव्हाच्या डब्याशेजारी बसवलाय. चोवीस तास चालू. त्यात आमच्या घरचे सगळे फोटो, इंदुबाईंची भजनं, माझ्या कविता, तेजलच्या लहानपणीच्या चित्रफिती. इंदुबाई म्हणतात, "या घरात दोनच वस्तू रिकाम्या गुणगुणतात. एक तुमचं मशीन आणि एक तुम्ही."

पण खरी बातमी पुढेच आहे. मी एक खेळ बनवतोय. कॉम्प्युटरवरचा. पडद्यावर सातपाटीची खाडी, एक बोट, आणि बोट बाहेर काढून मासे धरून परत आणायची. नात तेजल पुण्याला असते, तिच्या सुट्टीत तिनं मला कसं बनवायचं ते शिकवलं आणि निघून गेली. आता मी एकटाच वल्हवतोय. आठवतं, एक्क्याण्णव साली तुमच्या मासळी वाळवायच्या खळ्यावर मी साक्षरतेचा वर्ग घ्यायचो? तू चुकलास की तुला उलट्या होडीवर उभं करायचो, सगळ्या बायका हसायच्या. त्याच खळ्याचं चित्र मी खेळात पहिल्याच पानावर काढलंय. बोंबील लटकवायच्या काठ्यासुद्धा. बघून डोळे भरून आले माझे, खोटं नाही सांगत.

एकदा ये आणि बघ. बोट चालवणाऱ्या तांडेलाची पावती हवी.

तुझा
पुंजाराम


सातपाटी, १९ जून

पुंजाराम मास्तर यांस नवशाचा रामराम.

परवा आमच्या भाच्याबरोबर, कुंदनबरोबर येऊन तुमचा खेळ बगितला. तुमच्यासमोर बोललो नाय कारण वहिनींनी शिरा केला होता आणि तोंड भरलं होतं. आता लिवतो.

खळं चांगलं हाय. काठ्या चांगल्या हायत. बोटीचा रंग कोणी दिला? एवढी गुलाबी बोट आमच्या बंदरात आली तर बायका ओवाळायला येतील. पण ते सोडा. मास्तर, तुमची भरती रोज सकाळी सहाला येते आणि दुपारी दोनला जाते. भरती म्हंजे काय तुमच्या प्लांटची शिफ्ट हाय? कार्ड पंच करून येते?

सांगतो ते लिवून घ्या. तिथी घ्यायची. तिची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, तर भरती सहाला. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. तसंच पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी लांब चढतं, लांब उतरतं. अष्टमीला भांग, पाणी नुस्तं जागच्या जागी डुलतं. हे आमच्याकडं लुगड्याला धरून चालणाऱ्या पोराला कळतं.

आणखी एक. तुमच्या खेळात समुद्रात कुठंबी जाळं टाकलं की पापलेट येतं. असं असतं तर मी तुमच्याकडं कशाला अक्षर शिकलो असतो? सोन्याचे दात बसवून बसलो असतो.

हिराचा निरोप : बोंबील उन्हात एकदा परत दाखवा, नायतर आळ्या पडतील.

नवशा


बोईसर, २७ जून

प्रिय नवशा,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि इंदुबाईंसमोर पाऊणकीचा पाढा म्हणून दाखवला. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन! आमच्या जामनेरच्या शाळेत शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसून आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचो. गुरुजी छडीनं ताल धरायचे. तेव्हा वाटायचं, या पाढ्याचा जन्मात काय उपयोग? साठ वर्षांनी कळलं, त्या पाढ्यात अख्खा समुद्र भरलेला होता. खेळात तो हिशेब एका ओळीत बसला. आता माझ्या खाडीत भरती तिथीप्रमाणे येते. बोटही निळी केली.

तू विचारलंस (हिरावहिनींमार्फत), की हे सगळं गूगलवर, फोनवर फुकट मिळत असताना मास्तर कपाटात मशीन का पाळतो. ऐक. आपले फोटो, पत्रं, हिशेब आपण कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या कोठारात ठेवतो. ती म्हणते फुकट आहे. मग एक दिवस म्हणते जागा भरली, पैसे टाका. एक दिवस म्हणते नियम बदलले. शिवाय रात्रंदिवस उघडून बघत असते, याला काय आवडतं, हा कुणाला मत देईल. मला हे पटत नाही. आपलं धान्य आपल्या कणगीत. कटकट होते, लाइट जाते, पंख्यात झुरळ जातं, पण ते झुरळ आपलं असतं. लोकशाहीही मला अशीच वाटते. सगळं मोठ्या घरी नेऊन ठेवायचं आणि मग ओट्यावर बसून तक्रार करायची, याला काय अर्थ?

फक्त एक पथ्य पाळावं लागतं. कुठलीही वस्तू एकाच ठिकाणी ठेवायची नाही. एक प्रत आपल्या घरी, एक प्रत दुसऱ्या घरी. घराला आग लागली, मशीन बसलं, तरी दुसऱ्या घरची वाचते. माझी दुसरी प्रत तेजलकडे पुण्याला असते, लहानशा डबीत.

आता मागणं. पापलेट सगळीकडे मिळू नये हे पटलं. मग खेळात एक खरी जागा हवी, जिथं बोट नेली की जाळं भरेल. तुझ्या आजोबांची ती पाण्याखालच्या खडकांची खडप, जिची खूण तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, ती मला सांगशील? किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत, आणखी दोन दुसऱ्या रेषेत, असंच काहीतरी असतं ना? शब्द देतो, माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही. तू, मी आणि तेजल.

तुझा
पुंजाराम


सातपाटी, ६ जुलै

मास्तर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा हिरानं मोठ्यानं.

तुमची कणगीची गोष्ट अर्धी पटली. पण आमच्या गावाचं बगा. एकेकट्याला बर्फ ठेवता येत नाय, डिझेल आणता येत नाय, म्हणून आमच्या म्हाताऱ्यांनी सोसायटी काढली. सगळं ज्याच्या त्याच्या घरात ठेवलं असतं तर मासळी सडली असती. तवा काय घरात ठेवायचं आणि काय सोसायटीत ठेवायचं, हे आधी ठरवायला पायजे. बर्फ सोसायटीचा. खूण घरची.

खुणेचं सांगतो. बोटीवर जीपीएस हाय, तरी आजोबाची जागा मी त्यात कधी टाकली नाय. मशीनमधी टाकली की खलाशी बगतो. खलाशी पुढच्या वर्षी दुसऱ्या बोटीवर जातो. ती डोक्यातच पायजे. आजोबानं बापाला दिली, बापानं मरायच्या आधी मला. माझ्यानंतर कुंदनलाच द्यायची, बहिणीचा पोरगा म्हणून नाय, बोट तोच चालवतो म्हणून. पण त्याला अजून दिली नाय. अठ्ठावीस वर्सांचा बाप्या झाला, पोरगी झाली त्याला, तरी जाळं वढताना एका हातात मोबाइल. मासळी आली की आधी तिचा व्हिडिओ, मग बर्फ. त्याच्या हातात खूण दिली तर सांजच्याला मुंबईपर्यंत पोचेल.

आणि पालघरच्या डॉक्टरनी मला सांगितलं, आता बोटीवर जायचं नाय. हृदयाचा ठोका मधीच सुट्टी घेतो म्हणे. म्हंजे आज ती खूण एकट्या माझ्या डोक्यात हाय. कधी कधी वाटतं, ठोक्यानं मोठी सुट्टी घेतली तर आजोबाची खडप तशीच पाण्याखाली राहील, कोणाची नाय.

असो. तुमी मागितली तर नाय म्हणायचं नाय. लिवून घ्या. तुमच्या प्लांटची चिमणी जुन्या ताडाच्या मागं आली पायजे, आणि देवळाचा कळस डोंगराच्या खांद्यावर बसला पायजे. दोन्ही जुळलं की जाळं सोडायचं.

मला हसू येतं, तुमी चाळीस वर्सं त्या चिमणीखाली डबा खाल्ला आणि आमी ती समुद्रातून बगून घर शोधलं.

नवशा


बोईसर, १२ ऑगस्ट

प्रिय नवशा,

नारळी पौर्णिमा पार पडली, बोटी गेल्या, आणि माझा खेळही पाण्यात उतरला! शेवटचं चित्र बसवलं तेव्हा इंदुबाईंनी मशीनला कुंकू लावलं. नारळ फोडायला निघाल्या होत्या, मी हात धरला.

तेजलनं पुण्याहून खेळून बघितला. त्यासाठी घरच्या राउटरमध्ये एक दार उघडावं लागलं. राउटर म्हणजे ती लुकलुकणारी पेटी, आपल्या घराची वेस म्हण. दार उघडं ठेवायचं म्हणजे कुलूप हवं. मी पासवर्ड ठेवला. पण तेजल विसरभोळी, तिच्यासाठी दारावरच कविता लिहिली. तुमच्या वर्गासाठी मी जुळवली होती तीच :

लाटांवरती डुलते बाई कुणाची ती ____?
वाऱ्याशी ती गप्पा मारी, पाण्याची तिज गोडी.

गाळलेला शब्द भरला की दार उघडतं. किती गोड, नाही? तू हीच ओळ गिरवून अक्षर शिकलास. एखाद्या चोराला कविता कुठून येणार!

परवा कुंदन इंजिनाचे नोझल घ्यायला बोईसरला आला होता. त्यालाही पूर्ण झालेला खेळ दाखवला, त्यानं लगेच स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघितला. "काका, लय भारी!" म्हणाला. गुणी माणूस आहे रे, तू उगीच बोलतोस.

तुझी तब्येत? गोळ्या घेतोस ना?

पुंजाराम


सातपाटी, २५ ऑगस्ट

मास्तर,

गोळ्या घेतो. हिरा समोर उभी राहून घ्यायला लावते, जीभ वर करून दाखवायला सांगते.

इकडं सोसायटीच्या कमिटीची निवडणूक लागली. अठ्ठावीस सप्टेंबरला. सगळे म्हणाले उभं राहा, तर राहिलो. दुसऱ्या बोटीचा तांडेल सुका, तोबी उभा हाय. त्याची बोट नवी, बोलणंबी नवं. रोज व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, हात जोडलेला. मी म्हटलं, माझा फोटो नको, मला गावात सगळे वळखतात. कुंदन म्हणतो, मामा, आजकाल असं चालत नाय.

सरकार इथं मोठं बंदर बांधणार, तो विषय प्रत्येक ओट्यावर हाय. तुमी म्हणाल विकास, मी म्हणेन समुद्र. त्यावरून आपला चहा किती वेळा थंड झाला. या पत्रात नको, कागद थंड होईल.

ते दार आणि कविता मला नीट कळलं नाय. दारावरच चावी लटकवली तर कुलूप कशाला?

नवशा


बोईसर, ३ सप्टेंबर

प्रिय नवशा,

घाईत लिहितोय, हिरावहिनी टोपली उचलून उभ्या आहेत आणि म्हणतात पापलेट थांबत नाही.

चमत्कार झालाय. मशीन नोंद ठेवतं, कोण कधी आलं त्याची. गेल्या आठवड्यात माझा खेळ तीनशे बारा वेळा उघडला गेला! तीनशे बारा! माझी कविता आजवर एवढ्या लोकांनी वाचलेली नाही. तेजलच्या मैत्रिणी असणार. पुण्याच्या मुलींना आपला समुद्र आवडला रे.

पुंजाराम


बोईसर, ११ सप्टेंबर

नवशा,

हे पत्र लिहायला चार दिवस घेतले. तीन कागद फाडले.

तेजलला फोन केला होता, मैत्रिणींचे आभार सांग म्हणून. ती म्हणाली, "आजोबा, मी कुणालाच नाही सांगितलं." मग मी नोंद नीट उघडून बघितली. येणारे पुण्याचे नव्हते. बहुतेक सगळे पालघरच्याच बाजूचे. कुंदनला फोन केला. त्यानं सरळ सांगितलं, "काका, तुमचा खेळ गावच्या ग्रुपवर टाकला ना मी! सगळे खेळतात. मामांची खाडी बघून लोक खूश." कवितेचं कुलूप? तो हसला. "काका, होडी हा शब्द सातपाटीत कोण भरणार नाही?"

तीनशे बारा वेळा तुझ्या आजोबांची खूण बघितली गेली, नवशा. चिमणी, ताड, कळस, डोंगर. मी चित्रात ताडाची झावळी न् झावळी काढली होती.

मी तुला शब्द दिला होता. कपाटाबाहेर जाणार नाही म्हणालो होतो. मोठ्या कंपन्यांना नावं ठेवणारा मी, आणि तुझ्या घरातली एवढी जुनी वस्तू मी वेशीवर टांगली, तीही माझीच कविता कुणीतरी वाचावी म्हणून. कुंदनवर रागावू नकोस. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं काय गुपित आहे ते. चूक माझी.

दार बंद केलंय. मशीनही बंद आहे. घरात इतकी शांतता आहे, की इंदुबाई दोनदा विचारून गेल्या, बरं वाटत नाही का.

तू काय म्हणशील ते ऐकून घेईन.

पुंजाराम


बोईसर, २५ सप्टेंबर

नवशा,

दोन आठवडे झाले. हिरावहिनी येतात, मासळी देतात, मी विचारतो, "पत्र?" त्या म्हणतात, "पत्र नाय. बांगडा हाय." आज मी बांगडा घेतला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो. रविवारी तुझी निवडणूक आहे. माझ्यामुळे लोक तुला काय बोलत असतील या विचारानं जेवण जात नाही. काही नको, एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

पुंजाराम


सातपाटी, १ ऑक्टोबर

मास्तर, रामराम.

शिवी देणार होतो, पण निवडणुकीत सगळ्या संपल्या.

आता नीट बसून वाचा, पाणी जवळ ठेवा. तुमचं अकरा तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी सुकाची बोट फाटकं जाळं घेऊन आली. कोणाला काय बोलला नाय. मग चोवीसला सोसायटीची सभा झाली. सुका उभा राहिला, हाताचं बोट माझ्याकडं. "या माणसाला मतं देऊ नका. यानं खोटी खूण पसरवली! माझं नवं जाळं खडपेत अडकून फाटलं!"

मला ऐकू येत नाय म्हणून हिरानं कानात परत सांगितलं. मग तीच उभी राहिली, टोपली घेऊनच आली होती. म्हणाली, "सुका, कुठं फाटलं रं जाळं?"

"खडपेत!"

"कोणाच्या खडपेत?"

सुका बसायला खुर्ची शोधू लागला.

"दुसऱ्याच्या आजोबाच्या खुणेवर कशाला गेला होता तू? पापलेट बगायला का पापलेटाला मत मागायला?"

मास्तर, हॉलमधी खुर्च्या हसत होत्या. शेवटाला सुकाबी हसला.

तुमाला आता कळलं असंल. ती खूण खोटी होती. चार वस्तूंमधी एकच खरी. आमच्याकडं तांडेलाला कोणी खूण विचारली तर नाय म्हणायचं नसतं, तो अपमान होतो. सांगायची, पण मोडून सांगायची. आजोबापासून हीच रीत. कुंदनचा बाप विचारायचा तर त्यालाबी मी मोडूनच सांगायचो. गावात सगळ्यांना ही रीत ठाव हाय. सुकाला वाटलं, मास्तर भायेरचा माणूस, नवशा मास्तरला खोटं सांगणार नाय. म्हणून फसला.

पत्र का नाय लिवलं? निवडणूक होईतो ही गोष्ट कागदावर नको होती. हिरा म्हणाली, कागद टोपलीत असतो, टोपली बाजारात असते.

आमी दोघंबी निवडून आलो. मी आणि सुका. आता पाच वर्सं शेजारी-शेजारी बसायचं हाय.

नवशा


बोईसर, ७ ऑक्टोबर

नवशा तांडेल यांस,

अभिनंदन. हिरावहिनींचं जास्त अभिनंदन. इंदुबाई पत्र ऐकून एवढ्या हसल्या, की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसलो. मग हसू ओसरल्यावर एकटाच बसून राहिलो.

खोटं कशाला सांगू, मला लागलं. चौतीस वर्षांची ओळख. तुझा हात धरून मी तुला अक्षरं गिरवायला शिकवली. तुझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी कविता म्हटली, तू झोपला होतास ती गोष्ट वेगळी. आणि मी विचारलं, तर तू मला सुकासारखाच धरलंस. मोडून सांगितलंस.

मला कळतं, बरोबरच केलंस. मी तुझं गुपित दोन महिनेही सांभाळू शकलो नाही. तू खरी खूण दिली असतीस तर आज काय झालं असतं, या विचारानं अंगावर काटा येतो. डोकं म्हणतं नवशा शहाणा. पण मन म्हणतं, मी तुझ्यासाठी 'भायेरचा माणूस'च राहिलो तर. पन्नास वर्षं बोईसरात काढली, तरी अजून जामनेरचा.

राग नाही. म्हातारपणी माणूस लहान मुलासारखा रुसतो, तेवढंच. मशीन परत सुरू केलंय. खेळातला तो ताड, कळस सगळं पुसून टाकलं. आता तिथं नुसता समुद्र आहे.

गोळ्या घे.

पुंजाराम


सातपाटी, २६ ऑक्टोबर

मास्तर,

दिवाळीत पत्र लिवायचं होतं. मधी तीन दिवस पालघरला दवाखान्यात होतो. घाबरू नका, आता घरी हाय. ठोक्यानं जरा लांब सुट्टी घेतली होती. कुंदननं रिक्षा अशी पळवली, की ठोका घाबरून परत कामावर आला.

दवाखान्यात छताकडं बगत पडलो होतो. कानाला काय ऐकू येत नव्हतं, तोंडात नळी. तवा एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मी आता गेलो तर आजोबाची खडप गेली. कुंदन बाजूलाच बसला होता, त्याला सांगावं म्हटलं तर तोंड बंद. आणि तवा तुमचं ते आठवलं. एक प्रत आपल्या घरी, एक प्रत दुसऱ्या घरी.

मास्तर, तुमी लिवलं की मी तुमाला सुकासारखा धरलं. चूक. सुकाची चूक झाली तवा त्यानं बोट माझ्याकडं दाखवलं. तुमची चूक झाली तवा तुमी चार दिवस बसून कागद फाडले आणि सगळं स्वतःवर घेतलं, कुंदनला वाचवलं. मला तवा ठाव होतं खूण खोटी हाय, तरी तुमचं पत्र वाचून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. हिराला सांगू नका, ती म्हणेल कांदा.

म्हणून सोबत चिठ्ठी हाय. वेगळ्या कागदावर, चार ओळी. ही मोडलेली नाय. कुंदनला मी देणारच हाय, त्यानं दवाखान्यात तीन दिवस मोबाइल बाजूला ठेवला, म्हंजे त्याला ठेवता येतो. पण अजून एक हंगाम बगतो. तोवर मी गेलो, तर तुमी त्याला द्यायची. आजोबाच्या जागेची दुसरी प्रत तुमच्या घरी.

तुमच्या कपाटात नाय, मास्तर. गव्हाच्या डब्याशेजारी नाय. तुमच्या डोक्यात.

चिठ्ठी हिराच्या कमरेच्या पिशवीत हाय, टोपलीत नाय.

नवशा


बोईसर, ३० ऑक्टोबर

प्रिय नवशा,

हिरावहिनी आल्या, आज टोपली खाली ठेवून आधी कमरेची पिशवी सोडली. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वाचा आणि जाळा. मी बगून जाणार, त्यानं सांगितलंय."

मी म्हटलं, "वहिनी, पाठ तर होऊ द्या."

"मग करा पाठ. मी बसते."

आणि बसल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. इंदुबाईंनी त्यांना चहा दिला. मी खिडकीत उभा राहून घोकत होतो, जामनेरच्या शाळेत घोकायचो तसा, पुढे-मागे डुलत. एक ओळ, दोन ओळी. चौथी ओळ सारखी निसटायची. मग मी तिला चाल लावली, पाऊणकीच्या पाढ्याची, आणि ती बसली. आता नाही निघायची. नवशा, आयुष्यभर कविता पाठ केल्या, सत्तर वर्षांचा झालो, पण आज पहिल्यांदा अशी कविता पाठ केली, जी मी कुणाला म्हणून दाखवायची नाही. इंदुबाईंनाही नाही. त्या दारात उभ्या राहून ओठांकडे बघत होत्या, मी पाठ फिरवली.

चिठ्ठी गॅसवर धरली. हिरावहिनींनी राख बघितली, चहा संपवला आणि टोपली उचलली.

मी सगळ्यांना सांगत फिरतो, आपली वस्तू आपल्या मशीनमध्ये ठेवा. आज कळलं, सगळ्यात जुनं घरचं मशीन मी सत्तर वर्षं खांद्यावर घेऊन फिरतोय, आणि त्यात रिकाम्या कविता भरत होतो. आता त्यात एक भरलेली आहे. याच्या दारावर कसलीही ओळ लिहिणार नाही, घाबरू नकोस.

पण पाठांतर तपासून घ्यायलाच हवं. प्रत बरोबर उतरली की नाही हे बघितल्याशिवाय शहाणा माणूस झोपत नाही. येत्या रविवारी द्वादशी लागते. बारा पाऊण नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला भरती. तेव्हा मी सातपाटीला येतो. कुंदनला आणि वहिनींना चहा करायला घरी पाठव, आपण दोघंच किनाऱ्यावर जाऊ, कोणी जवळ नसेल अशा जागी. मी चार ओळी म्हणेन. तुला ऐकू येणार नाही, तर माझ्या ओठांकडे बघ आणि मी बोटानं दाखवतो तिकडे बघ.

आणि चुकलो, तर मला उलट्या होडीवर उभं कर. सगळ्या बायकांना हसू दे.

तुझा
पुंजाराम